वाचक विचारतात : दोन भाषांचे अंक आणि कोरं पाकीट

मागच्या अंकात आम्ही अमेरिकेतल्या लॅटिना लेस्बियन लेखिकांवर लेख छापला. लॅटिना म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाची स्त्री. त्यातली मेक्सिकन मुळाची स्वतःला चिकाना म्हणवते. लेखात पुस्तकांबद्दल बरंच होतं, पण ज्या छोट्या अंकांतून हे लेखन आधी हातोहात फिरलं, त्यांची बोळवण दोन ओळींत झाली होती. पत्रं आली ती नेमकी त्या दोन ओळींवर. त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

तौलनिक साहित्यात एम. ए. करते आहे. आम्हाला ग्लोरिया आन्साल्दुआ ही चिकाना लेखिका अभ्यासाला आहे, पण तिच्या आगेमागे कोण होतं ते कुणी सांगत नाही. नियतकालिकांपैकी सुरुवात कुठून करू? – एक वाचक, पुणे

मायामीपासून करा. १९९१ साली तिथे ‘एस्तो नो तिएने नोम्ब्रे’ नावाचं त्रैमासिक निघालं. तातियाना दे ला तिएर्रा, मार्गारिता कास्तिया, व्हॅनेसा क्रूझ आणि पत्रिसिया पेरेइरा-पुजोल या चौघींनी ते काढलं आणि ते १९९४ पर्यंत चाललं. नावाचा शब्दशः अर्थ ‘याला नाव नाही’. पण स्पॅनिशमध्ये कुणी वैतागून, हात उडवून हेच वाक्य म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ होतो, ‘याला काय म्हणावं!’ आपल्याकडच्या आजीने नातीचे प्रताप पाहून म्हणावं, अगदी तसं. नाव नसलेलं प्रेम आणि आजीचा वैताग हे दोन्ही एकाच वाक्यात बसवणारं मथळ्याचं नाव आम्हाला तरी दुसरं आठवत नाही.

त्यानंतर १९९५–९६ मध्ये ‘कोन्मोसियोन’ आलं. या शब्दाचा अर्थ खळबळ, आणि फोड केली तर ‘गतीसह’. त्याचे तीनच अंक निघाले. अंकाबरोबर लेखिकांसाठी ‘एल तेलारान्यासो’ नावाचं वेगळं वार्तापत्र होतं. तेलारान्या म्हणजे कोळ्याचं जाळं. कुठे कुणी लिहितंय, कोण साहित्य मागवतंय, हे एकमेकींना कळावं एवढाच त्याचा हेतू. अभ्यासकांचं या वार्तापत्राकडे सहसा लक्ष जात नाही. आमच्या मते मुख्य अंकाइतकंच ते महत्त्वाचं आहे, कारण मायामी, न्यूयॉर्क, टेक्सास अशा लांबलांबच्या ठिकाणी बसून लिहिणाऱ्या बायकांना आपण एकट्या नाही हे असल्या कागदांवरून कळायचं.

पुस्तकांचा क्रमही हाताशी असू द्या. १९८१ मध्ये चेरी मोरागा आणि आन्साल्दुआ यांनी संपादित केलेलं ‘धिस ब्रिज कॉल्ड माय बॅक’. १९८३ मध्ये ‘क्वेन्तोस’ हा लॅटिनांच्या कथांचा संग्रह. १९८७ मध्ये हुआनिता रामोस यांनी संपादित केलेला ‘कोम्पान्येरास’. तो काढण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये ‘लॅटिना लेस्बियन हिस्टरी प्रोजेक्ट’ या नावाने स्वतःचं प्रकाशनच उभं केलं होतं. आन्साल्दुआंचं ‘बॉर्डरलँड्स’ही १९८७ चंच. १९९१ मध्ये कार्ला त्रुहियो यांचा ‘चिकाना लेस्बियन्स’ आला, तो बर्कलीच्या थर्ड वुमन प्रेसकडून. यातल्या एकाही पुस्तकाची पहिली आवृत्ती मोठ्या व्यापारी प्रकाशकाने काढलेली नाही. ती सगळी छोट्या प्रेसची पोरं.

हे अंक द्विभाषिक होते असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे इंग्रजी भाषांतर? आमच्या मराठी–कन्नड अंकासाठी हीच रचना मनात आहे. – एक वाचक, सोलापूर

नाही, इथेच गंमत आहे. ‘एस्तो’मध्ये जो मजकूर ज्या भाषेत आला, त्याच भाषेत छापला जायचा. स्पॅनिश आला तर स्पॅनिश, इंग्रजी आला तर इंग्रजी, दोन्हींची भेळ असलेला स्पँग्लिश आला तर स्पँग्लिश. शेजारी भाषांतर द्यायचं नाही. ज्या वाचकवर्गासाठी अंक होता, त्यातल्या बऱ्याच जणी घरात एका भाषेत आणि कामावर दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्या. कुणाची स्पॅनिश कच्ची, कुणाची इंग्रजी. अडलं तर शेजारणीला विचारायचं.

यामागे तत्त्व होतंच, पण हिशोबही तसाच बसतो. समोरासमोर भाषांतर द्यायचं तर पानं दुप्पट लागतात आणि मजकूर निम्मा होतो. शिवाय इंग्रजीपेक्षा स्पॅनिश मजकूर साधारण १५ ते २५ टक्के लांब भरतो, त्यामुळे दोन्ही पानं कधीच एका ओळीत संपत नाहीत आणि एका बाजूला पांढरी जागा उरते. मराठी–कन्नडमध्येही लांबी जुळणार नाही. प्रत्येक भाषेचा एकच पूर्ण लेख घेऊन दोन्ही मजकूर टाइपसेट करून बघा, फरक मोजा आणि मग ठरवा. समोरासमोर छापायचंच असेल तर ते कवितांपुरतं ठेवा. तिथे ओळीला ओळ जुळते.

चुका कुठे होतात तेही सांगतो. पहिली चूक ‘परक्या’ भाषेचा शब्द तिरक्या अक्षरात टाकायची. संपादकाला तो नीटनेटकेपणा वाटतो, पण वाचणारीला त्यातून कळतं की तिची घरची भाषा इथे पाहुणी आहे. आन्साल्दुआंसारख्या लेखिकांनी भाषा मिसळून लिहिण्याचा जो आग्रह धरला, त्यावर अशा छपाईने पाणी पडतं. दुसरी चूक खुणांची. स्पॅनिशमध्ये ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. त्यातल्या ‘न’वरची नागमोडी रेघ गेली तर शब्द होतो ‘आनो’, आणि त्याचा अर्थ गुदद्वार. अमेरिकी संगणकावर घाईत बसलेल्या जुळारीकडून ही रेघ हटकून सुटते. म्हणून शेवटच्या वाचनात एक फेरी फक्त खुणांची ठेवायची, अर्थ न बघता. तुमच्या अंकात हीच फेरी जोडाक्षरांसाठी लावा.

जुन्या पद्धतीने अंक कसा बांधायचे? आम्ही महाविद्यालयीन मुली वर्षातून दोनदा ३२ पानांचा अंक काढतो. छापखान्यातून आला की मधल्या पानांवरची अक्षरं कडेला कापली गेलेली असतात. – एक गट, कोल्हापूर

आधी तुमच्या दुखण्याचं निदान. पानं मधोमध दुमडून पाठीवर पिना मारल्या की आतले कागद बाहेर सरकतात. पुस्तकी भाषेत त्याला काहीही म्हणोत, कारण साधं आहे: आतला कागद बाहेरच्यांच्या जाडीवरून वळतो. ३२ पानांना ८ कागद. साध्या कागदावर सगळ्यात आतलं पान जवळपास १ मिलिमीटर पुढे येतं. मग कटिंग मशीन सगळ्यांना एका रेषेत कापतं आणि आतल्या पानांचा बाहेरचा समास कमी होतो. बाहेरचा समास निदान १२ मिलिमीटर ठेवा आणि पानक्रमांक अगदी कडेला टाकू नका. जाड कागद घेतला तर फरक वाढतो. साधारण ६४ पानांच्या पुढे पिनांचा नाद सोडून पाठीला गोंद लावलेला बरा.

आता जुनी पद्धत. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातले आणि ९०च्या सुरुवातीचे अमेरिकी छोटे अंक साधारण असे बनत. मजकूर संगणकावर स्तंभांत मांडून लेझर प्रिंटरवर काढायचा. तेव्हाच्या प्रिंटरची अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांची, जवळून पाहिली तर कडा करवतीसारख्या. त्यावर उपाय म्हणून सगळं १२५ टक्के आकारात छापायचं आणि कॅमेऱ्यात ८० टक्क्यांवर आणायचं. आकार मूळचा होतो आणि कडा गुळगुळीत दिसतात. मग पट्ट्या कापून, मागे पातळ मेण लावून जाड पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. गोंदापेक्षा मेण सोयीचं, कारण ओळ वाकडी गेली तर उचलून पुन्हा लावता येते. आखणी फिकट निळ्या पेन्सिलीने करायची. निळा रंग कॅमेऱ्याच्या फिल्मवर उमटत नाही.

फोटो हा खरा कस. झेरॉक्सवर थेट फोटो टाकला की चेहऱ्याचा काळा डाग होतो. त्यासाठी जाळीतून ठिपक्यांचा फोटो करून घ्यावा लागतो. झेरॉक्सला जाड जाळी, इंचाला ६५ ते ८५ रेघा. साध्या कागदावरच्या ऑफसेटला १२० ते १३३ चालतात. बारीक जाळी घेऊन झेरॉक्सवर गेलात तर ठिपके एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा तोच डाग.

पानांच्या जोड्या लावताना एकच नियम: ३२ पानांच्या अंकात शेजारी येणाऱ्या दोन क्रमांकांची बेरीज कायम ३३. पहिल्याबरोबर ३२, दुसऱ्याबरोबर ३१, मधल्या कागदावर १६ आणि १७. बेरीज चुकली की कागद उलटा लागलाय. ५०० प्रतींना ४,००० मोठे कागद, वर ५ टक्के नासाडी धरा, म्हणजे ४,२००. पहिल्यांदाच करत असाल तर कोऱ्या कागदाची बाहुली करा, म्हणजे ८ कागद दुमडून त्यावर हाताने क्रमांक घालून छापखान्याला द्या. तोंडी सांगितलेलं छापखान्यात कुणाच्या लक्षात राहत नाही.

असले अंक टपालाने जायचे म्हणता. घरच्यांच्या हाती पडले तर? – नाव न छापण्याच्या विनंतीवरून, नाशिक

हा प्रश्न त्या संपादिकांनाही सारखा पडायचा. यात वाटते त्यापेक्षा जास्त कारागिरी आहे.

कायद्याचं आधी. अमेरिकेत समलिंगी विषयांचं मासिक टपालात टाकणं हाच मुळात गुन्हा ठरू शकत होता. १९५८ मध्ये ‘वन’ या मासिकाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टपाल खात्याच्या विरोधात निकाल दिला, आणि केवळ विषय समलिंगी आहे म्हणून मजकूर अश्लील ठरवायची वाट बंद झाली. त्यापुढचे सगळे अंक या निकालाच्या छत्राखाली गेले.

पण कायद्याने आई पाकीट उघडायची थांबत नाही. म्हणून कोरं, जाड, अपारदर्शक पाकीट घ्यायचं. पाठवणाऱ्याच्या जागी मासिकाचं नाव न टाकता पोस्ट बॉक्स क्रमांक टाकायचा. इथे खर्चाशी झटापट होते. पाकिटाविना, पाठीवर पत्ता चिकटवून अंक टाकला तर स्वस्त पडतो, आणि मुखपृष्ठ पोस्टमनपासून सगळ्यांना दिसतं. तेव्हा वर्गणीच्या अर्जावरच विचारून घ्यावं: पाकिटात हवं की उघडं? पाकिटाचे पैसे सगळ्यांच्या वर्गणीत सारखे वाटावेत. ज्यांना लपावं लागतं त्यांनीच जास्त भरावं हे काही बरं नाही.

दुसरी भानगड स्वस्त टपालाची. अमेरिकेत घाऊक दर मिळायला एका वेळी किमान २०० नग लागतात, तेही पिनकोडनुसार लावून, गठ्ठे बांधून. दर कमी, पण या वर्गाचं टपाल पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्यावर जात नाही आणि परतही येत नाही. तशी सूचना पाकिटावर छापलेली नसेल तर ते टाकून दिलं जातं. भाड्याने राहणाऱ्या, शहरं बदलणाऱ्या तरुण वाचकांच्या बाबतीत याचा अर्थ असा की तिला वाटतं अंक बंद पडला आणि संपादिकेला वाटतं हिने वर्गणी सोडली. पाकिटावर पत्ता-दुरुस्तीची विनंती छापणं हा त्यावरचा इलाज. परत आलेल्या प्रत्येक नगाचे पैसे भरावे लागतात, पण यादी जिवंत राहते.

आणि यादी म्हणजे जोखीमही. टोपणनावाने लिहिणारीचं खरं नाव आणि पत्ता एकाच कागदावर ठेवायचा नाही. लेखिकांची वही वेगळी, वर्गणीदारांची वेगळी. कार्यकर्त्या आल्या-गेल्या तरी वही एकीकडेच.

गोव्यातल्या जुन्या पिढीमुळे मला पोर्तुगीज वाचता येतं. ब्राझीलमध्ये असं काही होतं का? – एक वाचक, मडगाव

होतं, आणि त्याची हकिगत मायामीपेक्षा रंगतदार आहे. साओ पावलोमध्ये १९८१ ते १९८७ या काळात ‘शानाकोंशाना’ निघत होतं. नाव अंगावर येणारं आहे: ‘शाना’ हा स्त्रीच्या गुप्तांगासाठीचा बोलीतला शब्द आणि ‘कोंम’ म्हणजे ‘सह’. तुम्हाला पोर्तुगीज येतंच, बाकी आम्ही सांगायला नको. १९८५ पर्यंत ब्राझीलवर लष्करी राजवट होती.

अंक विकायची मुख्य जागा दुकान नव्हती. लेस्बियन बायकांचा राबता असलेल्या फेरोज बार नावाच्या ठिकाणी टेबलांमधून फिरत कार्यकर्त्या अंक विकत. मालकाला त्यांचे पैसे चालायचे, अंक चालत नव्हता. १९८३ मध्ये त्याने विक्री बंद केली आणि कार्यकर्त्यांना बाहेर काढलं. १९ ऑगस्ट १९८३ च्या रात्री त्या पुन्हा गेल्या, या वेळी स्त्रीवादी आणि समलिंगी गट, राजकारणी आणि पत्रकार यांना बोलावून. दारात रेटारेटी झाली, शेवटी आत शिरल्या आणि त्यांच्यातल्या रोझेली रोथ यांनी निवेदन वाचून दाखवलं. विक्रीला परवानगी मिळाली. ब्राझीलमध्ये १९ ऑगस्ट हा लेस्बियन अभिमानाचा दिवस म्हणून पाळतात, आणि त्याचं मूळ घडी घातलेले काही कागद टेबलावर ठेवू द्यायचे की नाही या भांडणात आहे.

या विक्रीमागचं गणित समजून घेण्याजोगं आहे. १०० रुपयांचा अंक वितरकाकडे दिला की ५० ते ५५ रुपये त्याचे. दुकानाला थेट दिला तर ४० दुकानाचे. पैसे तीन-चार महिन्यांनी. न खपलेल्या अंकांचं बऱ्याचदा फक्त मुखपृष्ठ फाडून परत येतं, बाकीचा अंक रद्दीत. तोवर पुढच्या अंकाचा छापखाना रोख मागत असतो. टेबलावर विकलेल्या अंकाचे पूर्ण १०० त्याच रात्री हातात येतात. मजकूर भरपूर असूनही छोटे अंक बंद पडतात ते या तीन-चार महिन्यांच्या खिंडारात.

शेजारच्या अर्जेंटिनात ८ मार्च १९८७ ला, महिला दिनाच्या मोर्चात, ‘क्वादेर्नोस दे एक्सिस्तेन्सिया लेस्बियाना’ पहिल्यांदा वाटलं गेलं. इल्से फुस्कोवा आणि आद्रियाना कारास्को यांनी काढलेली झेरॉक्सची वही. ती १९९६ पर्यंत चालली. मेक्सिकोत १९९०च्या दशकात ‘लेसव्होस’ निघालं. मुंबईत लाबिया या गटाने १९९८ पासून काढलेलं ‘स्क्रिप्ट्स’ याच जातकुळीतलं. आपल्याकडे अशा अंकाला ‘अनियतकालिक’ हा फार सुंदर शब्द आहे. स्पॅनिश–पोर्तुगीजवाल्यांना तो मिळाला असता तर त्यांनी हौसेने वापरला असता.

एका लॅटिना लेस्बियन कवयित्रीची कविता दिवाळी अंकासाठी भाषांतरित करायची आहे. परवानगी कुणाची? आणि मूळ जुने अंक वाचायला कुठे मिळतात? – एक भाषांतरकार, ठाणे

परवानगी बहुधा मासिकाची लागत नाही. छोटे अंक साधारणपणे पहिल्या प्रकाशनाचाच हक्क घेत. कविता कवयित्रीकडेच राहते. ती नसेल तर वारसांकडे जाते. भारतात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे तातियाना दे ला तिएर्रा (१९६१–२०१२) यांच्या बाबतीत अजून बराच काळ. सर्वांत अलीकडची आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशनाला पत्र लिहा, ते योग्य माणसाकडे पोचवतात. पत्रात कवितेचं नाव, किती ओळी, अंकाच्या प्रती किती, छापील की ऑनलाइनही, मानधन किती आणि मूळ कविता शेजारी छापणार का, एवढं सगळं पहिल्याच खेपेला लिहा. एकेक विचारत बसलात तर नरकचतुर्दशी उजाडेल. मे-जूनमध्ये पत्र गेलं पाहिजे.

प्रकाशन बंद पडलं असेल तर हक्क अडकतात, म्हणून एक उदाहरण. ‘धिस ब्रिज’ काढणारं पर्सेफनी प्रेस १९८३ मध्ये बंद पडलं. संपादिकांनी हक्क परत मिळवले आणि त्याच वर्षी ते किचन टेबल प्रेसकडून पुन्हा आलं. पुढे २००२ मध्ये थर्ड वुमनकडून आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या प्रकाशनाकडून. तुम्ही स्वतः कुणाशी करार कराल तेव्हा ‘आवृत्ती संपली आणि ठरावीक मुदतीत नवी काढली नाही, तर हक्क लेखकाकडे परत’ हे कलम मागून घ्या.

भाषांतराच्या दोन खाचा. तातियाना आपलं नाव मुद्दाम इंग्रजी लहान अक्षरांत लिहीत. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, तेव्हा तो हट्ट आपल्याकडे आपोआप पुसला जातो. टीप द्यायची तर इथे द्या. याउलट एक गोष्ट मराठीत इंग्रजीपेक्षा चांगली उतरते. ‘धिस ब्रिज’ची स्पॅनिश आवृत्ती १९८८ मध्ये मोरागा आणि आना कास्तियो यांनी काढली, तिचं नाव ‘एस्ता पुएन्ते, मी एस्पाल्दा’. स्पॅनिशमध्ये पूल पुल्लिंगी, ‘एस्ते पुएन्ते’ हवं होतं. त्यांनी तो जाणूनबुजून स्त्रीलिंगी केला. इंग्रजीला लिंगच नाही, म्हणून हे तिथे दिसतच नाही. मराठीत सरळ लिहा: ‘ही पूल, माझी पाठ’. मुद्रितशोधक ‘हा पूल’ करून ठेवील, त्याला आधीच गाठा.

शिव्यांचं मात्र जपून. ‘तोर्तियेरा’ म्हणजे शब्दशः तोर्तिया थापणारी, बोलीत लेस्बियन. ‘भाकरी थापणारी’ लिहिलंत तर मराठी वाचकाला फक्त चूल दिसेल. शब्द तसाच ठेवून संदर्भातून अर्थ उलगडू द्या.

जुन्या अंकांसाठी ब्रुकलिनमधलं लेस्बियन हर्स्टरी अर्काइव्ह्ज, १९७४ पासूनचं. तातियानांची कागदपत्रं लॉस एंजेलिसमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चिकानो अभ्यास केंद्रात आहेत. ‘सिनिस्टर विस्डम’ हे १९७६ पासूनचं लेस्बियन नियतकालिक अजून चालू आहे आणि त्याचे बरेच जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर वाचता येतात. ग्रंथालयाच्या सूचीत शोधताना ‘लॅटिना लेस्बियन’ टाकून हाती फारसं लागलं नाही तर ‘हिस्पॅनिक अमेरिकन लेस्बियन्स’ आणि ‘मेक्सिकन अमेरिकन लेस्बियन्स’ हे विषय-मथळे टाका. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या नोंदींसाठी तेच ठरवलेत. तातियाना स्वतः पुढे बफेलो विद्यापीठात ग्रंथपाल झाल्या, आणि २००८ मध्ये त्यांनी नेमका याच मथळ्यांवर, म्हणजे आपलं नाव दुसऱ्याने ठरवण्यावर, लेख लिहिला. ज्यांच्या पहिल्या मासिकाचं नावच ‘याला नाव नाही’, त्यांना सूचीची कार्डं बघून काय वाटलं असेल, ते त्या लेखात वाचायला मिळेल.